औषध द्या, पण सांगून द्या : इंदूरच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना खुलं पत्र

इंदूर शहरातले हाडांचे डॉक्टर, लेडीज डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि औषधांचे दुकानदार, तुम्हा सगळ्यांना सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या हॉलमधे हाडांच्या तपासणीचं फ्री शिबिर झालं. एका मशीनमधे टाच ठेवायची, थोड्या वेळात आकडा यायचा, आकडा कमी आला की बाजूच्या टेबलावर पर्ची तयार, आठवड्याला एक गोळी आणि रोज कॅल्शियम. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका रांगेत होत्या. मी डॉक्टरांना विनंती केली की साहेब, ही आठवड्याची गोळी कशी घ्यायची, काय त्रास होऊ शकतो, एवढं तरी माईकवरून सांगा. उत्तर मिळालं, "आंटीजी, ये सब बताएँगे तो कोई दवाई खाएगा ही नहीं." हॉलमधे काही लोक हसले आणि शिबिर पुढे चालू झालं.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. ते डॉक्टर वाईट नव्हते, बायकांशी आदराने बोलत होते, त्यांना मनापासून वाटत होतं की न सांगण्यातच आमचं भलं आहे. आणि हेच मला मान्य नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण प्रश्न एका डॉक्टरचा नाहीये, तुमच्या सगळ्यांच्या मधे आम्ही पेशंट कुठेतरी हरवतो त्याचा आहे.

माझ्याबद्दल थोडं. मी लोकमान्यनगरात राहते, शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाले. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, घरातल्या घरात, देवघरातून उठताना. ऑपरेशन झालं पण ती परत स्वतःच्या पायावर नीट उभी राहिलीच नाही, पलंगाला खिळली, मग छातीत कफ, मग पाठीला जखमा, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेली. तेव्हा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, हा शब्दही आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. म्हणून माझं मनगट जिन्यात साधं घसरून मोडलं आणि नंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमधे कण्याचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे 3.1 आला तेव्हा मी एका शब्दाने कुरकुर केली नाही, औषध सुरू करा म्हटलं. आजही माझं मत तेच आहे. ही औषधं काम करतात. 2007 साली झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचा, म्हणजे वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायच्या हाडांच्या औषधाचा, मोठा अभ्यास छापून आला, सुमारे 7,700 बायकांवरचा, त्यात तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर 70 टक्के आणि खुब्याची 41 टक्के कमी झाली. माझ्या आईला हे मिळालं असतं तर, असं मला किती वेळा वाटतं. तेव्हा कृपा करून हे पत्र वाचून कोणी असं म्हणू नका की ह्या बाई औषधांच्या विरोधात आहेत, किंवा नेटवर काहीबाही वाचून घाबरल्या आहेत.

माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे, आणि सांगितलेलं न ऐकण्याबद्दल आहे.

सगळ्यात आधी ती आठवड्याची गोळी. अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम. माझ्या पर्चीवर गोळीचं नाव होतं आणि पुढे इंग्रजीत फक्त 'संडे' लिहिलं होतं, बाकी काही नाही. मेडिकलवर चार गोळ्यांची स्ट्रिप मिळाली, काउंटरवरच्या मुलाने त्यावर पेनाने 'रात को 1' असं लिहून दिलं, आणि मी रात्री जेवणानंतर, हाडांची गोळी आहे म्हणून दुधाबरोबर घ्यायला लागले आणि घेतली की आडवी व्हायचे. जे वाचणारे डॉक्टर आहेत त्यांना इथेच कळलं असेल, पण बाकीच्यांसाठी लिहिते. ही गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी घ्यायची असते, मोठा ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चावायची किंवा चघळायची नाही, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि त्या अर्ध्या तासात चहा, दूध, नाश्ता, दुसरी गोळी, कॅल्शियम, काही काही घ्यायचं नाही. कारण दोन आहेत. एक, ही गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा पोटातून वर आली तर आतलं अस्तर जळतं, व्रण होतात. दोन, ती शरीरात शोषलीच फार कमी जाते, उपाशीपोटी घेतली तरी एक टक्क्याहून कमी, आणि कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलीही सुमारे 60 टक्के वाया, दूध-कॅल्शियमबरोबर तर विचारूच नका. म्हणजे मी ज्या पद्धतीने घेत होते त्यात हाडांना औषध पोचत नव्हतं आणि नळी मात्र भाजत होती.

हे काही नवीन संशोधन नाहीये हो. हे औषध अमेरिकेत 1995 साली आलं आणि 1996 मधेच अन्ननलिका भाजल्याच्या केसेस मेडिकल जर्नलमधे छापून आल्या, तेव्हापासून ही सूचना प्रत्येक डब्यात घातलेली असते. डब्यात! मला ती कधी कळली, तर माझा भाचा दवा बाजारातून अख्खा डबा घेऊन आला तेव्हा, त्यात घडी घातलेला तो पातळ कागद निघाला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, भिंग लावून वाचला मी. दुकानात डबा फोडून एक-एक स्ट्रिप विकतात, कागद दुकानातच राहतो आणि बहुतेक कचऱ्यात जातो. ज्या पेशंटला तो हवा तिला तो मिळत नाही, मिळाला तर वाचता येत नाही. आमच्या शेजारच्या आजींना मराठी वाचता येतं, हिंदी वाचता येतं, रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, त्यांना हा कागद काय उपयोगाचा?

दुसरी तक्रार त्यानंतरच्या महिन्यांची आहे आणि ती मला जास्त लागलेली आहे. छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली, मग घास गिळताना दुखायला लागलं, आधी पोळी, मग भात, मग पाणीसुद्धा टोचायचं. मी सांगत होते. जिथे गेले तिथे सांगत होते. "गैस है आंटीजी." ईसीजी निघाला, नॉर्मल. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, बाहेरचं खाऊ नका, टेन्शन घेऊ नका, एका ठिकाणी तर माझ्यासमोर माझ्या मुलाला सांगितलं की ह्या वयात बायकांना थोडं लक्ष हवं असतं. मुलगा गप्प बसला, मीही गप्प बसले, पण ते मी विसरलेले नाही. मी आणखी कोणती औषधं घेते हे एवढ्या सगळ्यांत कोणीच विचारलं नाही. शेवटी एंडोस्कोपी झाली, अन्ननलिकेत व्रण दिसले आणि त्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, हाडांची गोळी घेता का? मला अक्षरशः रडू आलं, व्रण निघाले म्हणून नाही, कोणीतरी योग्य प्रश्न विचारला म्हणून.

गोळी बंद झाली, व्रण भरला, पण तिथे नळी थोडी आकसलेली राहिली. आता माझं जगणं कसं आहे ते सांगते कारण 'साइड इफेक्ट' हा शब्द फार हलका वाटतो ऐकायला. पोळी वरणात किंवा दुधात भिजवूनच खाता येते. कोरडं काही, चिवडा, भाकरीचा कडक भाग, सेव, अडकतं, आणि इंदूरमधे कोणाच्याही घरी गेलं की पहिली बशी सेवेचीच येते, दर वेळी नको म्हणायचं आणि दर वेळी कारण सांगायचं. लग्नाकार्यात पंगतीत बसत नाही, घास अडकला की डोळ्यांत पाणी येतं, लोक धावतात, मला ते नको असतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. रात्री आठनंतर जेवत नाही. नातवाबरोबर जेवायला बसते तर तो त्याचं ताट संपवून उठून जातो आणि मी अजून तिसऱ्या घासावर असते. घरात सगळे समजून घेतात, सूनबाई माझं वेगळं मऊ करून देते न सांगता, पण हे सगळं एका वाक्यात टळलं असतं. एक वाक्य, की सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि झोपू नका. तेवढं बोलायला किती वेळ लागतो?

त्याच काळात सांधे, पाठ आणि पिंढऱ्या इतक्या दुखायच्या की सकाळी पलंगावरून उठायला आधार लागायचा. ह्याला उत्तर ठरलेलं, वय झालं. असेलही वय. पण अमेरिकेच्या औषध खात्याने जानेवारी 2008 मधे ह्याच गटातल्या औषधांबद्दल सूचना काढली होती की हाडं, सांधे, स्नायू खूप दुखू शकतात, औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही, आणि त्यातच म्हटलं होतं की हा संबंध डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणजे सुटू शकतो हे 2008 पासून माहीत आहे आणि तरी सुटतोच आहे. गोळी थांबल्यावर माझं दुखणं पुष्कळ कमी झालं. हे मी परत जाऊन सांगितलं तेव्हा "अच्छा है" एवढं म्हणून कागदावर काहीही न लिहिता पुढच्या पेशंटला हाक मारली गेली.

मग वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिकचं सलाईन ठरलं. चांगला निर्णय होता, माझ्यासारखीला गोळी चालत नाही तर हाच रस्ता, मला मान्य. पण इथेही तेच. सलाईन लावलं, घरी सोडलं, आणि त्या रात्री थंडी वाजून ताप, अंग मोडून पडल्यासारखं, डोकं फुटेल असं. आमचे हे घाबरले, सकाळी डेंग्यूची टेस्ट, मलेरियाची टेस्ट, अ‍ॅडमिट करायची गोष्ट निघाली. नंतर वाचलं तर कळलं की पहिल्या सलाईननंतर तीन दिवसांच्या आत असा ताप-अंगदुखी दहातल्या साधारण तिघींना होते, पॅरासिटामॉलने आराम पडतो आणि दुसऱ्या वर्षी हेच प्रमाण शंभरात सहा-सात इतकं खाली येतं. आता हे मला आधी सांगितलं असतं तर मी घाबरून सलाईन नाकारलं असतं का? नाही. मी पॅरासिटामॉल आणून ठेवलं असतं, भरपूर पाणी प्यायले असते, आणि घरच्यांना सांगितलं असतं की दोन-तीन दिवस मला ताप येईल, गडबड करू नका. उलट न सांगितल्यामुळे काय होतं ते बघा, माझ्याबरोबर त्याच दिवशी सलाईन घेतलेल्या एका बाईंनी दुसऱ्या वर्षी साफ नकार दिला, मेले तरी ते परत घेणार नाही म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलंच नाही की दुसऱ्यांदा इतका त्रास बहुतेकांना होत नाही.

हो, आणि सलाईनच्या आधी किडनीची क्रिएटिनिन टेस्ट, रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघायचं असतं. माझं बघितलं होतं, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे आभार. पण सगळीकडे बघतात असं नाही, ओळखीतल्या दोघींचं काहीच बघितलं नव्हतं.

दातांचं प्रकरण वेगळंच. माझी खालची एक दाढ किडली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, हाडांचं सलाईन घेतलंय का, हो म्हटल्यावर म्हणाले मी हात लावणार नाही, जबड्याचं हाड सडू शकतं, आधी हाडांच्या डॉक्टरकडून लिहून आणा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, काही होत नाही, खुशाल काढा, लिहून मात्र दिलं नाही. मी दोघांच्या मधे फेऱ्या मारत राहिले, दाढ दुखत राहिली, गाल सुजला, अँटिबायोटिकवर दिवस काढले. दोन डॉक्टर, दोघांच्या खिशात मोबाईल, एकमेकांना एक फोन करावासा कोणाला वाटलं नाही. शेवटी तिसऱ्याच डॉक्टरांनी नीट काळजी घेऊन काढली आणि जखम सावकाश पण भरली. जबड्याच्या हाडाचा हा त्रास खरा आहे, 2003 मधे पहिल्यांदा नोंदवला गेला, पण तो जास्त करून कॅन्सरच्या पेशंटमधे, ज्यांना हेच औषध खूप मोठ्या डोसमधे दर महिन्याला वगैरे देतात. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमधे वर्षाला 10 हजार ते 1 लाख पेशंटमागे एखादीला, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे घाबरून दातच काढायचा नाही असंही नाही आणि 'काही होत नाही' असंही नाही. औषध सुरू करायच्या आधीच दात दाखवून घ्या, जे काढायचं ते काढून घ्या, एवढं सांगितलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

आता माझ्या जाऊबाईंबद्दल लिहिते, त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्या उज्जैनला असतात, त्यांना इंदूरमधेच डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं होतं, 60 मिलिग्रॅम, सहा महिन्यांनी एक, पोटावर. त्यांना ते उत्तम चाललं, काही त्रास नाही, रिपोर्टही सुधारला. मग भावजींचं आजारपण आलं, पैसा तिकडे लागला, इंदूरला येणं जमेना, आणि जाऊबाईंनी विचार केला की हाडं तर आता सुधारली आहेत, ह्या वेळचं राहू दे. त्यांना कोणीही, कधीही सांगितलं नव्हतं की हे इंजेक्शन असं मधेच सोडायचं नसतं. अ‍ॅलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक हाडात जाऊन बसतात, वर्षानुवर्षं राहतात, थांबवलं तरी परिणाम हळूहळू उतरतो. डेनोसुमॅबचं तसं नाही, त्याचा परिणाम सहा महिन्यांनी उतरायला लागतो, हाड खाणाऱ्या पेशी ज्या दाबून ठेवलेल्या असतात त्या एकदम जोर धरतात आणि कमावलेलं हाड भराभर जातं, कोणाकोणाचे तर एकामागे एक मणके दबतात. म्हणून थांबवायचं असेल तर डॉक्टरला विचारून, दुसरं औषध लगेच सुरू करून थांबवायचं असतं. जाऊबाईंचे मणके दबले, एकापेक्षा जास्त. त्या माझ्यापेक्षा उंच होत्या, आता बरोबरीने उभ्या राहिल्या की माझ्या खांद्याशी येतात. आठवणीचा एक फोन, पर्चीवर लाल अक्षरात एक ओळ, 'हे इंजेक्शन न विचारता सोडू नका', एवढंच हवं होतं. पैशाची अडचण होती तर अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी कितीतरी स्वस्त आहे, तो मार्ग काढता आला असता, पण त्यासाठी प्रश्न आहे हे तरी त्यांना माहीत हवं ना.

आणि किती वर्षं घ्यायचं, हेही कोणी सांगत नाही. गोळ्यांची साधारण पाच वर्षं आणि सलाईनची तीन वर्षं झाली की थांबून विचार करायचा असतो, काहींना पुढे चालू ठेवावं लागतं, काहींना सुट्टी देता येते. आमच्या भिशीतल्या एक काकू जुन्या पर्चीवर मेडिकलमधून वर्षानुवर्षं गोळी आणत राहिल्या, मांडीत दुखायला लागलं तर सायटिका म्हणून शेक घेत बसल्या, शेवटी एक्सरेत मांडीच्या हाडाला बारीक चीर निघाली. हा त्रास दुर्मिळ आहे, ह्या औषधांनी जितकी फ्रॅक्चर वाचतात त्यापुढे फारच कमी, पण अमेरिकेत 2010 पासून त्याची सूचना औषधावर आहे आणि नंतरच्या अभ्यासात आशियाई बायकांमधे तो जास्त दिसला आहे. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर लगेच दाखवा, एवढं तरी काकूंना माहीत असायला हवं होतं की नाही?

आता त्या शिबिरातल्या वाक्याकडे येते, की सगळं सांगितलं तर कोणी औषध खाणार नाही. डॉक्टरसाहेब, मी तुम्हाला उलटं सांगते. बायका औषध सोडतातच, फक्त तुम्हाला सांगत नाहीत. आमच्या ओळखीत कितीतरी घरांत कपाटाच्या खणात अर्धवट स्ट्रिपा पडलेल्या आहेत. जळजळ झाली, कोणी ऐकलं नाही, सोडून दिली. ताप आला, घाबरल्या, सोडून दिलं. शेजारणीने सांगितलं की जबडा सडतो, सोडून दिलं. तुम्ही सांगितलं नाही म्हणून आम्हाला काही कळत नाही असं नाही, कळतंच, पण व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं, अर्धवट आणि भयंकर करून कळतं. तुम्ही शांतपणे सांगितलं असतं की हे दहातल्या तिघींना होतं आणि हे लाखात एखादीला होतं, तर तो फरक आम्हाला समजतो. आम्ही घरं चालवली आहेत, मुलांची आजारपणं काढली आहेत, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची औषधं वेळेवर दिली आहेत. आम्हाला आकडे समजतात.

शिबिरांबद्दल आणखी एक. टाचेच्या मशीनचा आकडा म्हणजे डेक्सा नव्हे. टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची 1994 ची व्याख्या डेक्सासाठी आहे, ती टाचेच्या मशीनला तशीच लावता येत नाही. पुढे तपासणी करायला हवी का हे ठरवायला टाचेचं मशीन ठीक आहे, पण नुसत्या त्यावर औषध सुरू करून मोकळं होऊ नका. 20 ऑक्टोबरच्या ऑस्टिओपोरोसिस दिवसाच्या सुमाराला अशी शिबिरं भरतात, निदान तेव्हा तरी हे पाळा.

आणि त्रास झाला तर तो नोंदवायचा कुठे? मला कोणीही सांगितलं नाही की आपल्या देशात 2010 पासून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो, आणि औषधाचा त्रास झाला तर डॉक्टरच नाही, पेशंट स्वतःसुद्धा कळवू शकतो. टोल फ्री नंबर आहे, 1800-180-3024. पेशंटसाठी वेगळा फॉर्म आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे. हे मला स्वतः शोधून काढावं लागलं. मी इतक्या ठिकाणी त्रास सांगितला, त्यातल्या एकानेही तो नोंदवला नाही. मग पुढच्या पेशंटला तुम्ही कोणत्या आधारावर सांगता की 'हमारे यहाँ तो किसी को नहीं हुआ'? लिहिलंच नाही तर कोणाला झालं ते दिसणार कसं?

तर माझ्या मागण्या, साध्या आहेत, कशालाही खर्च नाही.

हाडांच्या आणि लेडीज डॉक्टरांकडे : पर्चीवर औषध मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा, तसा नियम 2016 पासून आहेच, आणि त्याखाली हिंदीत किंवा मराठीत कसं घ्यायचं, काय झालं तर फोन करायचा आणि पुन्हा विचार कधी करायचा, ह्या ओळी लिहा. डेनोसुमॅब देत असाल तर पुढची तारीख लिहून द्या, आणि पेशंट आली नाही तर तुमच्याकडून फोन जाऊ दे. औषध सुरू करायच्या आधी दात बघून यायला सांगा. आणि पेशंट त्रास सांगते तेव्हा तो केस पेपरवर लिहा, तुम्हाला पटला नाही तरी लिहा.

दातांच्या डॉक्टरांकडे : आम्हाला परत पाठवण्याआधी हाडांच्या डॉक्टरला स्वतः एक फोन करा.

मेडिकलवाल्यांकडे : स्ट्रिप देताना डब्यातला कागद द्या, एकच असेल तर झेरॉक्स काढून ठेवा. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 प्रमाणे औषध कसं घ्यायचं हे पेशंटला समजावून सांगणं रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम आहे, काउंटरवरच्या मुलाच्या पेनाचं नाही. जे पर्चीवर लिहिलेलं नाही ते मनाने लिहू नका, डॉक्टरला विचारा. वर्षानुवर्षं जुन्या पर्चीवर ही औषधं देत राहू नका. आणि तो टोल फ्री नंबर काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावा.

पेशंट बहिणींनो, तुम्ही हे वाचत असाल तर एक विनंती, हे पत्र वाचून तुमचं औषध बंद करू नका, डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर अजिबात नाही. तुमची पर्ची घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

मी माझ्याकडून एक पानी माहिती लिहून तयार ठेवली आहे, एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी, मोठ्या टाइपात, गोळी, सलाईन आणि इंजेक्शन तिन्हींची. पण मी डॉक्टर नाही, ती तपासल्याशिवाय मी वाटणार नाही. इंदूरमधल्या कोणा हाडांच्या डॉक्टरांनी ती वाचून, जे चुकलं असेल ते दुरुस्त करून, खाली आपली सही करून द्यावी. छपाईचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून करीन, आणि लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग इथल्या मेडिकलवर स्वतः नेऊन देईन. सही कोण करतंय ते सांगा, मी कागद घेऊन तुमच्या ओपीडीत येते.

आपली,
एक पेशंट आणि रिटायर्ड सायन्स टीचर
लोकमान्यनगर, इंदूर